ब्लॉकमध्ये पाय नेमका कुठे ठेवायचा

स्प्रिंटच्या स्टार्टला पाय टेकवून ढकलायला जो स्टार्टिंग ब्लॉक असतो, तो लावताना बहुतेक पोरं एकच गोष्ट करतात, शेजारच्या लेनमध्ये बघतात आणि त्याने दांडीवरच्या जितक्या खाचा सोडल्यात तितक्याच आपण पण सोडतात. मीपण दोन सीझन हेच केलंय. आमच्यात सगळ्यात फास्ट होता त्याचं पुढचं पेडल, म्हणजे पाय टेकवायची तिरकी पाटी, चौथ्या खाचेत असायचं म्हणून माझंही चौथ्या खाचेत, आता तो माझ्यापेक्षा चांगला चार बोटं बुटका हे डोक्यातच आलं नाही, आणि मग सेटला, म्हणजे गनच्या आधी कंबर वर उचलून थांबतो तेव्हा, माझा गुडघा पार छातीत घुसायचा आणि गन वाजली की मी पुढे जायच्या ऐवजी सरळ उभाच राहायचो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या ब्लॉकवर खाचांमधलं अंतर वेगळं असतं, त्यामुळे खाचा पाठ करून काही उपयोग नाही, मोजायचं ते आपल्या पावलांनी.

पण त्याच्या आधी, पुढे कोणता पाय? सरळ उभे रहा, डोळे मिटा आणि मित्राला सांगा की मागून न सांगता हलकासा धक्का दे. जो पाय आपोआप पुढे पडतो तो तुमचा चपळ पाय, तो मागच्या पेडलवर. दुसरा, जोरवाला, पुढच्या पेडलवर. कारण सोपं आहे, मागचा पाय एक दणका देऊन लगेच ब्लॉक सोडतो आणि पुढचा शेवटपर्यंत रेटत राहतो, म्हणजे जास्त वेळ ढकलायचं काम त्याचंच. धक्क्याने नक्की कळलं नाही तर दोन्ही बाजूंनी आठ-दहा स्टार्ट मारून बघा, दहा मीटरला टाइम लावा, पण पहिल्या दिवशी उलटा पाय विचित्र वाटणारच त्यामुळे लगेच निकाल लावू नका.

आता मोजणी. स्पाइक, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, घालूनच मोजायचं, चपलेवर नाही. स्टार्ट लाइनच्या मागच्या कडेला टाच लावायची आणि टाचेला चवडा लावत मागे मागे जायचं, दोन पावलांवर पुढचं पेडल, तिथून अजून एक ते दीड पाऊल मागे दुसरं. ही झाली मीडियम सेटिंग, दोन पायांच्या बोटांमध्ये साधारण ३० ते ५० सेंटीमीटर अंतर येतं आणि बहुतेकांना हीच बसते. ३० च्या आत गेलात तर त्याला बंच स्टार्ट म्हणतात, ब्लॉकमधून पटकन सुटल्यासारखं वाटतं पण ढकलायला वेळच मिळत नाही, म्हणजे निघालात लवकर पण वेग कमी घेऊन निघालात. ५० च्या वर उलटं, ब्लॉकमध्येच रेंगाळायला होतं. पाय लांब असतील तर दोन्ही पेडल बोट-दोन बोटं मागे घ्या, आखूड असतील तर पुढे.

मोजणी बरोबर आली का ते सेट पोझिशन सांगते. मोबाइल बाजूने, कमरेच्या उंचीवर धरून व्हिडिओ काढा आणि कंबर वर स्थिर झाली की पॉझ करा. पुढच्या गुडघ्यात जवळपास काटकोन, ९० च्या आसपास, आणि मागच्या गुडघ्यात १२० ते १३० अंश दिसला पाहिजे. पुढचा गुडघा खूपच दुमडलेला दिसला तर पेडल लाइनच्या फार जवळ आहे, मागचा पाय जवळजवळ सरळ झाला असेल तर कंबर जास्त वर गेलीय किंवा मागचं पेडल लांब पडलंय. कंबर खांद्यांपेक्षा थोडीशी वर, बस्स, डोंगर करायचा नाही.

पेडलचा उतार याकडे कुणी बघतच नाही. पुढचं पेडल जरा झोपवलेलं, ४५ अंशांच्या आसपास, मागचं त्याहून थोडं उभं. पेडल फार उभं ठेवलं तर पोटरीला आधी ताण बसत नाही आणि तो ताणच तर आपल्याला हवा असतो, रबर बँड आधी ताणून मग सोडतो तसं. चवडा पेडलवर घट्ट, स्पाइकचे पुढचे एक-दोन खिळे ट्रॅकला जेमतेम टेकलेले. आणि सेटला टाच मागे दाबायची, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी नुसता पेडलवर पाय टेकवून बसायचो, गन वाजल्यावर आधी टाच मागे जायची मग ढकलणं सुरू व्हायचं, म्हणजे तेवढा वेळ फुकट.

हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद, अंगठा आणि बोटं यांची कमान लाइनच्या मागे, लाइनला स्पर्श झालेला चालत नाही. कोपरं सरळ. सेटच्या आधी ऑन युवर मार्क्स पुकारतात, तेव्हा दोन्ही हात आणि किमान एक गुडघा जमिनीवर आणि दोन्ही पाय पेडलवर हवेत. मान पाठीच्या रेषेत, नजर खाली. फिनिशकडे बघत बसलात की मान वर येते, मानेबरोबर कंबर खाली बसते.

गन वाजली की उडी मारायची नाही, ढकलायचं, दोन्ही पायांनी. हात आधी सुटतात, मागचा पाय ट्रॅकच्या अगदी जवळून पुढे येतो आणि पहिलं पाऊल चवड्यावर, कमरेच्या खाली किंवा किंचित मागे पडतं. पाऊल कमरेच्या पुढे टाकलं तर तो ब्रेकच लागतो, लांब पाऊल टाकायच्या नादात नव्वद टक्के लोक इथेच मार खातात.

आणि रिअ‍ॅक्शनचं, म्हणजे गन वाजल्यावर हलायला लागणाऱ्या वेळाचं, फार टेन्शन घेऊ नका. बोल्टने २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटरला ९.५८ मारले तेव्हा त्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.१४६ होता, काही फार भारी नाही. घाई मात्र महागात पडते, ०.१ सेकंदाच्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट, २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला अमेरिकेचा डेव्हॉन अ‍ॅलन ११० मीटर हर्डल्सच्या फायनलमध्ये ०.०९९ वर बाहेर गेला. एका हजारांशासाठी! आणि खुद्द बोल्ट २०११ ला देगूमध्ये १०० च्या फायनलला फॉल्स स्टार्ट करून बाहेर.

ब्लॉक नसेल तर? अमेरिकेचा जेसी ओवेन्स १९३६ च्या ऑलिम्पिकला छोट्या फावड्याने ट्रॅकमध्ये खड्डे खणूनच पळाला होता, ऑलिम्पिकमध्ये ब्लॉक आले १९४८ ला. सिंथेटिकवर अर्थातच खणता येत नाही, तिथे मित्राला मागे उभं करून त्याच्या बुटांना टेकवून सराव करा, कोन वगैरे सगळं तेच.

ब्लॉकचे खिळे नीट ठोकलेत का ते दरवेळी स्वतः बघा, दुसऱ्यावर विश्वास नको. एका मीटमध्ये माझा ब्लॉक पहिल्याच ढकलण्यात वीतभर मागे सरकला आणि मी दोन्ही हातांवर ट्रॅकवर, तळव्यांची सालटी निघाली आणि बाकीचे सात जण केव्हाच पुढे. तेव्हापासून लावून झाला की दोन्ही पायांनी एकदा जोरात मागे दाबतो, मग एक पूर्ण स्टार्ट मारून परत येऊन खिळे बघतो.

२०० आणि ४०० ला वळणावर सुरुवात असते, तिथे ब्लॉक लेनच्या मधोमध सरळ लावू नका. लेनच्या बाहेरच्या बाजूला सरकवून आतल्या रेषेकडे तोंड करून लावा, म्हणजे पहिली काही पावलं सरळ पळता येतात. मग डावा हात लाइनच्या थोडा मागे घ्यावा लागतो नाहीतर खांदे वाकडे होतात.

शेवटी जे आकडे जमले ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, खाचांत नाही, पावलांत आणि बोटांत. आणि एकावेळी एकच गोष्ट बदला, पेडल पण हलवलं आणि उतार पण बदलला तर फरक कशाने पडला ते कसं कळणार. वाढत्या वयातल्या पोरांनी दर चार-सहा महिन्यांनी परत मोजायचं, उंची वाढते तशी पावलंही वाढतात, जुनी सेटिंग चालत नाही.