बचतगटांना बिझनेस शिकवायची प्लेसमेंट: गोव्यात काम कसं शिकायचं

कॉलेजची प्लेसमेंट किंवा एखाद्या संस्थेत ट्रेनर म्हणून फील्डवर्क मिळालं की पहिल्याच दिवशी पीपीटी घेऊन पेडण्याला नाहीतर सत्तरीला निघू नका. ज्यांना तुम्ही धंदा शिकवणार त्या बायका तुमच्या आधीपासून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करतायत, त्यांना मार्केटिंग म्हणजे काय हे सांगायला जाऊ नये. त्यांचा हिशोब कागदावर आणायला मदत करणं, खरं काम हेच.

जायच्या आधी संस्थेकडून तीन गोष्टी क्लिअर करून घ्या: तुमचा सुपरवायझर कोण, बसभाडं कोण देणार आणि शेवटी तुमच्याकडून नेमकं काय हवंय. हे लेखी असलेलं बरं.

सुरुवातीच्या मीटिंगांना फक्त बसा. गटात साधारण 10 ते 20 जणी असतात, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर फेड आणि अपडेट वह्या ही पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ असते, पण वह्या खरंच कोण लिहितं ते बघा. बऱ्याचदा एकटी सेक्रेटरीच लिहिते आणि बाकीच्या सह्या करतात. कोणाचं कर्ज थकलंय हे तुम्हाला तिथे कळेल, ते बाहेर बोलायचं नाही, गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, आणि फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला टाकायचे नाहीत.

वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. दुपारची जेवणं आटोपल्यावर बरं पडतं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दिवस विसरूनच जा.

आता मुख्य काम, कॉस्टिंग, म्हणजे माल बनवायला खरा खर्च किती येतो ते काढणं. गटाचा एकच माल घ्या आणि त्यांच्या ओट्यावर बसून, तो बनत असताना लिहून काढा. धरा आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आहे, 20 बाटल्यांचा घाणा. विचारलंत तर मीठ, बाटल्या, लेबलं आणि बसभाडं एवढंच सांगतील, 100, 240, 60 आणि 80, म्हणजे 480 रुपये, बाटलीला 24, आणि 80 ला विकतो म्हणजे मस्त फायदा! भिंडांचं (कोकमाच्या फळांचं) विचारा, "भिंडां घरचीं, तांचे कसले पयशे?" असं उत्तर येईल. इथे लेक्चर देऊ नका, फक्त विचारा की काकी, हीच भिंडां शेजारणीला विकली असती तर किती आले असते? समजा 600. मग दोघींचे सहा-सहा तास, तासाला 60 धरले तर 720. एकूण 1800, म्हणजे बाटली 90 ला पडली आणि आपण 80 ला देतोय. हे आकडे त्यांच्याच हाताने लिहू द्या, कॅल्क्युलेटर पण त्यांच्याकडेच. मग भाव वाढवायचा, बाटली लहान करायची की मेहनतीचे पैसे कमी धरायचे हे गट ठरवेल, तुम्ही नाही. (तुमचा सल्ला विचारतीलच, पण थोडं थांबा.)

कागदपत्रं त्यानंतर. खायचा माल विकायचा तर एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन लागतं. उद्यम रजिस्ट्रेशन (लहान-मध्यम धंद्यांची नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होतं, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. स्टॉलवर क्यूआर कोड लावला असेल तर तो कोणाच्या खात्याला जोडलाय ते जरूर बघा, अध्यक्षांच्या मुलाच्या खात्यावर पैसे जात असतील तर पुढे भांडण ठरलेलं, खातं गटाचंच हवं.

रोज संध्याकाळी डायरी लिहा, पण "सत्र छान झालं" छाप नको. कोणी काय विचारलं, कुठे सगळ्या गप्प झाल्या, कोण उठून गेली, ते लिहा आणि सुपरवायझरसमोर तेच ठेवा. "ताई, समजलं ना?" ला सगळ्या हो म्हणतात, त्यावर जाऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी परत जाऊन पुढच्या घाण्याचा हिशोब बघा, आणि गटातल्याच एखादीला तो बाकीच्यांना समजावायला सांगा, तुम्ही मागे बसा. ती जिथे अडखळेल तिथे तुमचं शिकवणं कमी पडलंय.

शेवटी रिपोर्ट कॉलेजला द्यालच, पण कॉस्टिंगच्या कागदांची एक झेरॉक्स गटाच्या फाईलला लावून जा, भाव बदलले की तीच काढून आकडे सुधारता येतात.