फर्नेसला घरभराचा ह्युमिडिफायर जोडताना

थंडीत हीटिंग चालू झालं की ओठ फुटतात, मुलांचा घोळणा फुटतो, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो आणि लाकडी फरशीच्या पट्ट्यांमध्ये फटी पडतात. दोष फर्नेसला, म्हणजे हवा तापवून घरभर पाठवणाऱ्या भट्टीला, दिला जातो, पण ती हवेतलं पाणी काढून घेत नाही, हवा फक्त तापवते. खरी गंमत बाहेरच्या हवेत आहे. ०° सेल्सिअसच्या हवेत एका घनमीटरमागे फार तर ४.८ ग्रॅम वाफ मावते, तर २१° च्या हवेत १८.३ ग्रॅम. बाहेरची ०° ची अगदी दमट हवा फटींतून आत येऊन २१° पर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांवर येते. बाहेर उणे १०° असेल तर १० टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे घरात जितकी हवा गळते तितकं घर कोरडं. त्यामुळे ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा घालणारं यंत्र, विकत घेण्याआधी पोटमाळ्याचा दरवाजा, खिडक्यांच्या चौकटी, पाइप भिंतीतून जातात त्या जागा बुजवा. गळकं घर आणि मोठा ह्युमिडिफायर ही जोडी म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

पुढचं सगळं डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या हवावाहिन्यांतून, गरम हवा फिरवणाऱ्या फर्नेसबद्दल आहे. रेडिएटर किंवा फरशीखालच्या पाइपांचं हीटिंग असेल तर हवा वाहून नेणारा डक्टच नसतो. तिथे स्वतःचा पंखा असलेलं वाफेचं यंत्र लागतं.

किती पाणी लागेल

उदाहरण घेऊ. घर २०० चौरस मीटरचं, छत २.४ मीटरवर, म्हणजे ४८० घनमीटर हवा. घर बऱ्यापैकी बंदिस्त असेल आणि तासाला निम्मी हवा बदलत असेल तर २४० घनमीटर. बाहेर उणे १०° आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर आत येऊन तापलेल्या प्रत्येक घनमीटरमध्ये १.७ ग्रॅम पाणी असतं. आत ३० टक्के हवे असतील तर ५.५ ग्रॅम लागतं. फरक ३.८ ग्रॅमचा, म्हणजे तासाला साधारण ९०० ग्रॅम, दिवसाला २२ लिटर. यातलं काही आंघोळ, स्वयंपाक आणि माणसांच्या श्वासातून मिळतंच. घर दुप्पट गळकं असेल तर गरजही दुप्पट. उलट खूप घट्ट बांधलेल्या घरात ह्युमिडिफायरची गरजच पडत नाही.

खोक्यावरच्या आकड्याला मात्र भुलू नका. "दिवसाला ६० लिटर" हा आकडा प्लेनममधली, म्हणजे फर्नेसला लागून असलेल्या डक्टच्या मोठ्या पेटीतली, हवा ४९° असताना आणि फर्नेस चोवीस तास चालू धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात फर्नेस तासातली वीस-पंचवीस मिनिटं चालली तर हातात येतात २०–२५ लिटर. आणि दमट हवेमुळे हीटिंगचं बिल कमी होतं हा दावाही जपूनच घ्या. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते, ती फर्नेसच देते. २२ लिटरचे झाले १५ युनिट, रोजचे.

कोणता प्रकार

बायपास प्रकारात सप्लाय (गरम हवा घरात नेणारा डक्ट) आणि रिटर्न (घरातली हवा परत आणणारा डक्ट) यांच्यातल्या दाबाच्या फरकानेच थोडी गरम हवा ओल्या जाळीतून फिरते. यात मोटर नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही, पण ६ इंची गोल डक्टला जागा हवी. पंख्याचा प्रकार स्वतःच्या पंख्याने हवा ओढतो. त्याला बायपास डक्ट लागत नाही, पाणीही थोडं जास्त मुरतं. मात्र त्याला मेन्सची वीज लागते आणि पंखा ऐकू येतो. वाफेचा प्रकार पाणी उकळतो, त्यामुळे प्लेनम किती गरम आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हीट पंप असेल तर त्याची हवा फर्नेसइतकी तापत नाही आणि जाळी नीट वाळत नाही, तेव्हा वाफेचाच घ्यावा. त्याला स्वतंत्र सर्किट लागतं. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

फिरत्या ड्रमचे, खाली पाण्याची तबकडी असलेले जुने नमुने स्वस्तात मिळतात. ते घेऊ नयेत. साचलेल्या कोमट पाण्यात बुरशी आणि जंतू वाढतात आणि डक्टमधून घरभर जातात. वाहत्या पाण्याच्या जाळीत हा त्रास कमी असतो. पाण्याची झडप उघडी असताना ताशी १० ते २० लिटर पाणी येतं आणि त्यातलं बरंचसं ड्रेनमध्ये जातं. ते वाया गेल्यासारखं वाटतं, पण तेच पाणी क्षार धुऊन नेतं.

इथून पुढे बायपासची जोडणी आहे, कारण घरच्या घरी करण्याजोगी तीच.

जागा आणि पत्रा

यंत्र सप्लाय किंवा रिटर्न प्लेनमच्या सपाट बाजूवर बसतं. फर्नेसच्या पेटीला कधीही भोक पाडू नका. आत हीट एक्स्चेंजर आणि वायरिंग असतं. एसीची कॉइल सप्लाय प्लेनममध्ये असेल तर तिच्या वरच्या रिकाम्या भागातच कापायचं. कॉइल कुठवर आहे याचा अंदाज बांधत बसू नका. पॅनल उघडून बघा, नाहीतर एक बारीक भोक पाडून आत टॉर्चने डोकावा. कॉइलला ड्रिलचं टोक लागलं की रेफ्रिजरंट गेलं, आणि ती दुरुस्ती ह्युमिडिफायरच्या किमतीला कितीतरी मागे टाकते. यंत्राचं झाकण काढून जाळी बाहेर ओढायला समोर जागा राहील हेही आताच बघा.

हाताशी हवं ते: पत्रा कापायची कात्री, ड्रिल, ८ नंबरचे अर्धा इंची पत्र्याचे स्क्रू, ६ इंची कॉलर आणि गोल डक्ट, ॲल्युमिनियम फॉइलची टेप, पाव इंची तांब्याची नळी, अर्धा इंची ड्रेन पाइप, १८ गेजची दोन कोरची वायर, मल्टिमीटर, स्पिरिट लेव्हल आणि जाड हातमोजे. कापडी डक्ट टेप आणू नका, उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती सुटते.

फर्नेसचा मेन स्विच बंद करा. सोबत आलेला कागदी साचा प्लेनमवर चिकटवताना लेव्हल लावूनच चिकटवा. इथली घाई पुढे हमखास नडते: यंत्र जरासं कललं तर वरच्या पन्हळीतलं पाणी एकाच बाजूने उतरतं, अर्धी जाळी कोरडी राहते आणि क्षमता निम्म्यावर येते. प्लेनम स्वतःच तिरका बसवलेला असू शकतो, म्हणून त्याच्या कडेशी जुळवू नका, लेव्हलशीच जुळवा. चारही कोपऱ्यांत भोकं पाडून मग कात्री चालवा. पत्र्याचे बारीक कण व्हॅक्यूमने काढून घ्या, नाहीतर ते पंख्याकडे जातात.

यंत्र एका प्लेनमवर, तर दुसऱ्या प्लेनमवर ६ इंची कॉलर. कॉलरच्या पाकळ्या आतून वाकवून स्क्रूने आवळा. मधला डक्ट शक्य तितका आखूड ठेवा आणि दोनपेक्षा जास्त कोपरे घालू नका. प्रत्येक वळणावर हवा कमी होते. सगळे सांधे फॉइल टेपने बंद करा. हवा बंद करायची झडप, म्हणजे डॅम्पर, याच वाटेवर असते. तिचा दांडा हाताला लागेल अशा बाजूला आणा.

पाणी

अनेक यंत्रांसोबत पाइपला टोचून बसवायची सॅडल झडप येते. पाच मिनिटांत बसते म्हणून लोकांना ती आवडते, पण तिचं भोक सुईएवढं असतं, क्षाराने बुजतं आणि रबर वाळलं की ती ठिबकू लागते. त्याऐवजी लाइनमध्ये नीट टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, घालून त्यावर पाव फेऱ्यात बंद होणारा नळ बसवा.

थंड पाणी घ्यावं की गरम? फर्नेसची हवा चांगली तापत असेल तर थंड पुरतं आणि क्षारही कमी धरतात. हवा कोमट असेल तर गरम पाण्याने बाष्पीभवन वाढतं. यंत्राच्या कागदावर पाण्याची कमाल तापमानमर्यादा तेवढी पाहून घ्या. नळी प्लेनमला चिकटून जात असेल तर ती तांब्याचीच असू द्या, प्लास्टिक मऊ होतं. प्लास्टिकची नळी वापरायचीच तर तिच्या टोकात आतली पितळी बाही घालायला विसरू नका, नाहीतर आवळताना नळी चेपते.

सोलेनॉइड झडपेला (विजेवर उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेला) जोडण्याआधी नळीचं टोक बादलीत धरून एक-दोन लिटर पाणी सोडा. सांध्यातली माती, तांब्याचा कीस आणि चिकटवणाऱ्या पदार्थाचे कण इथेच निघून जातात. ते झडपेत गेले तर ती नीट मिटत नाही आणि हीटिंग बंद असतानाही टपटप चालू राहते. झडपेवरचा बाण वाहत्या दिशेने असावा. नट आवळताना दोन पाने वापरा, एकाने झडप धरा आणि दुसऱ्याने फिरवा.

ड्रेनची नळी मीटरला २ सेंटिमीटर उताराने न्या, मध्ये झोळ पडू देऊ नका. तिचं टोक फ्लोअर ड्रेनच्या वर मोकळं ठेवा, सांडपाण्यात बुडवू नका. पाणी कंडेन्सेट पंपात सोडत असाल तर त्या पंपाचा ओव्हरफ्लो स्विच झडपेच्या वायरीत मालिकेत घाला, म्हणजे पंप बंद पडला तर पाणीही थांबेल.

वीज

झडप साधारणपणे २४ व्होल्टची असते. ती तेव्हाच उघडावी जेव्हा ह्युमिडिस्टॅट, म्हणजे आर्द्रता पाहून चालू-बंद होणारा स्विच, पाणी मागतो आणि फर्नेस हवा फिरवते. बऱ्याच फर्नेसच्या बोर्डावर "एचयूएम" (HUM) लिहिलेलं टर्मिनल असतं. तिथून ह्युमिडिस्टॅट, तिथून झडप आणि परत कॉमन, म्हणजे परतीची वायर, असा सोपा फेरा.

पण आधी मोजा. काही बोर्डांवर या टर्मिनलला २४ व्होल्ट मिळतात, काहींवर मेन्सचा पूर्ण व्होल्टेज. मल्टिमीटर एसीच्या वरच्या रेंजवर ठेवून, फर्नेस चालवून, एचयूएम आणि कॉमन यांच्यात बघा. कॉमन कोणती ते फर्नेसच्या आकृतीवरून ठरवा. मेन्स निघाली तर झडप थेट जोडली की जळालीच. तिथे मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. २४ व्होल्ट असतील तर फर्नेसच्याच ट्रान्सफॉर्मरवर काम भागतं का ते पाहा: तो बहुतेकदा ४० व्हीए असतो आणि झडप १०–१२ खाते. टर्मिनलच नसेल तर पंख्याच्या वायरीवर बसणारा करंट रिले, म्हणजे पंख्याची वीज वाहू लागली की चालू होणारा स्विच, वापरतात. काम करताना २४ व्होल्टच्या वायरी एकमेकींना टेकल्या, तर बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि फर्नेस "मेली" असं वाटतं. तेव्हा आधी फ्यूज बघा.

ह्युमिडिस्टॅट रिटर्न डक्टवर बसवायचा असेल तर बायपास डक्ट जिथे शिरतो तिथून मागे, म्हणजे घरातून हवा येते त्या बाजूला, किमान १५ सेंटिमीटर अंतरावर. पुढे बसवला तर त्याला स्वतःचीच ओली हवा लागते आणि घर कोरडं असतानाच तो झडप मिटतो.

पहिली धाव

डॅम्पर उघडा, थर्मोस्टॅट आणि ह्युमिडिस्टॅट दोन्ही वर करा. झडपेची टक ऐकू यावी, मिनिट-दोन मिनिटांत जाळी वरून खाली सारखी भिजावी आणि ड्रेनमधून बारीक धार यावी. दहा मिनिटांनी प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. हळू पाझरणारे सांधे एका दिवसानंतरच कळतात.

किती टक्के

तक्रारी बहुतेक इथूनच सुरू होतात. सगळ्या हिवाळ्यासाठी एकच आकडा नसतो. बाहेर ४° असताना ४५ टक्के चालतात, उणे १° ला ४०, उणे ७° ला ३५, उणे १२° ला ३०, उणे १८° ला २५ आणि उणे २३° ला २० च. बाहेर गारठलं की खिडकीची काच आणि भिंतीच्या आतला थर गार होतो, आणि वाफ तिथेच पाणी होते. काचेवरचं पाणी निदान दिसतं. पोटमाळ्याच्या लाकडावर आणि भिंतीच्या पोकळीत जमलेलं दिसत नाही, ते बुरशी धरल्यावर कळतं. सकाळी काचेच्या खालच्या कडेला ओल दिसली की पाच टक्क्यांनी खाली या. बाहेरचं तापमान पाहून स्वतः आकडा बदलणारा ह्युमिडिस्टॅट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजण्यासारखी तीच एक गोष्ट आहे.

आर्द्रतामापकावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याने चिंब न करता ओलसर करा, मापकासोबत बंद पिशवीत सहा-आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवेत. जितका फरक, तितकं लक्षात ठेवून वाचा.

बिघाड

पाणी येतच नसेल तर नळ, झडपेच्या तोंडाची गाळणी आणि छोटं पितळी छिद्र या क्रमाने बघा. क्षाराने बहुधा तेच बुजलेलं असतं. जाळी भिजते पण आकडा चढत नाही, तेव्हा डॅम्पर मिटलेला आहे का ते पाहा. तो उघडा असेल तर फर्नेस फार कमी वेळ चालते किंवा घर गळतं. जाळीचा वरचा भाग पांढरा कडक झाला असेल तर ती बदला. व्हिनेगरमध्ये बुडवून काही दिवस निभतात, पण कागदी जाळ्या त्यात मऊ पडतात. हंगामाला एक नवी जाळी, जड पाण्याला दोन.

हीटिंग संपलं की पाण्याचा नळ बंद, ह्युमिडिस्टॅट बंद आणि डॅम्पर मिटलेला. डॅम्पर उन्हाळ्यात उघडा राहिला तर एसीची गार हवा बायपासमधून सरळ रिटर्नमध्ये शिरते, घर गार होत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. मग एसीचा मेकॅनिक गॅस कमी आहे का ते तपासत बसतो.