पीपीएस पल्स कोॲक्समधून नेताना: टोकाला ५० ओहम कसे लावावे

जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक पल्स देतो, तीच पीपीएस. तिची चढती कड हा सगळ्या मोजणीचा आधार. दहा मीटर कोॲक्स केबलनंतर काउंटर एकाच सेकंदाला दोन कडा मोजू लागला, तर रिसीव्हरला दोष देण्याआधी केबलचं टोक पाहा. तिथं पल्सला जिरायला जागा नसेल, तर ती उलट फिरते.

आधी केबलवर छापलेलं वाचा. आरजी-५८ म्हणजे ५० ओहम, आरजी-५९ म्हणजे ७५. मल्टिमीटरनं हा आकडा, म्हणजे केबलचा लाक्षणिक रोध, मिळत नाही, कारण तो धावत्या पल्सला जाणवतो. टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा रोधक, मात्र मल्टिमीटरनं जरूर तपासा. जुन्या कोॲक्स इथरनेटचे टर्मिनेटर ५० ओहमचेच असतात. भंगारात दिसले तर उचला.

आरजी-५८ मध्ये पल्सला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे १० मीटर जाऊन यायला १००. कड ५ नॅनोसेकंदांत चढत असेल, तर वीतभर तारेला काहीच करायला नको. दहा मीटरला करावंच लागेल.

पल्स एकाच यंत्राला द्यायची असेल, तर रोधक उगमापाशी, केबलच्या ओळीत जोडा. ड्रायव्हरचा, म्हणजे पल्स केबलमध्ये ढकलणाऱ्या भागाचा, आतला रोध १० ओहम असेल तर ३९ चा रोधक पुरतो. टोक यंत्राच्या १ मेगाओहम इनपुटवर उघडं राहू द्या: तिथं पूर्ण ५ व्होल्ट मिळतात आणि परतलेली लाट उगमाशी जिरते. मात्र मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून दुसरं यंत्र जोडू नका. तिथं आधी अर्धाच व्होल्टेज पोचतो आणि कड पायरीसारखी तुटते.

यंत्रं अनेक असतील तर प्रत्येक ठिकाणी टी, आणि ५० ओहमचा टर्मिनेटर फक्त शेवटच्या टीवर. दोन लावले तर पल्सला २५ ओहम दिसतात आणि एक तृतीयांश लाट उलटी होऊन परतते. जीपीएस मॉड्यूलच्या पिनला हा भार झेपत नाही. ७४एसी०४ या चिपमध्ये पल्स उलटवणारे सहा गेट असतात. कड चढतीच राहावी म्हणून पल्स आधी एका गेटमधून न्या, मग उरलेले पाच गेट समांतर जोडा, प्रत्येकाला स्वतःचा २२० ओहमचा रोधक द्या. टोकाला सुमारे २.५ व्होल्ट मिळतील. काउंटरची ट्रिगर पातळी (ज्या व्होल्टेजला तो कड मोजतो ती) त्याच्या निम्म्यावर, १.२५ च्या आसपास ठेवा.

शेवटी उगमापाशी ऑसिलोस्कोप लावून कड पाहा. तिच्यानंतर ४० नॅनोसेकंदांनी पायरी दिसली, तर ४ मीटरवरचा सांधा उघडून बघा.