टोळी निघायच्या आधी: ऊसतोड घरांतल्या लेकरांसाठी सेविकेनं आणि आशाताईनं करायची कामं

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातली आमची गावं निम्मी रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, सरपण, एखादी शेळी आणि वर लेकरं बसवून टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडं, काही कर्नाटकात ऊस तोडायला जातात. परततात ते गुढीपाडव्याच्या आसपास. मी 19 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. या पाच-सहा महिन्यांत लेकराची लस चुकते, वजन घटतं, आहार बंद पडतो. सोयी सगळ्या आहेत, पण लस आरोग्य खात्याकडं, आहार आमच्याकडं, जन्माची नोंद ग्रामपंचायतीत. नव्या सेविका विचारतात, हे जोडायला सुरुवात कुठून करायची? मी सांगते, मुकादमापासून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदारापासून.

पोळा झाला की मुकादमाच्या घरी जा. कोणत्या कोयत्यानं (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली, कोणत्या कारखान्याला जायचं, राहायच्या कोप्या (झोपड्या) कोणत्या गावाजवळ पडणार, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ती यादी आपल्या सर्वेक्षणाच्या रजिस्टरशी लावून सहा वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया वेगळ्या काढा.

मग पुढच्या लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई, आशाताई आणि ग्रामसेवक यांना अंगणवाडीतच बसवून घ्या. तासाभराचं काम आहे, पण चौघं एकत्र पाहिजेत. एकीनं नाव वाचायचं, बाकीच्यांनी आपापल्या वहीत त्यावर बोट ठेवायचं. एका वर्षी आशाताईच्या वहीत ‘परी’, माझ्याकडं ‘आराध्या’ आणि जन्माच्या नोंदीत नावाविना अशी एकच मुलगी तीन ठिकाणी सापडली. अशी गाठ तिथंच सोडवायची. जन्माची नोंद 21 दिवसांत फुकट होते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. आणि नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी बाळंत होणार असलेल्या बाईला हे दोनदा सांगा: तिकडून निघायच्या आधी दाखला हातात घ्यायचा. नंतर त्या एका कागदासाठी मजूर माणूस एवढ्या लांब परत जात नाही.

या दाखल्यावर पैसाही अडतो. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरा हप्ता जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्याशिवाय येत नाही. म्हणजे ग्रामसेवकाचं, नर्सबाईचं आणि आशाताईचं काम एकमेकांत अडकलेलं आहे. आईच्या आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर तेही आत्ताच बघा.

वजन आणि दंडाचं माप सप्टेंबरातच घ्या, निघायच्या आठवड्यात नाही. डावा हात मोकळा सोडायला सांगा. खांद्याचं हाड ते कोपर, मधोमध पेनानं खूण करा आणि तिथं पट्टी गुंडाळा. कातडी दाबली जायला नको, फटही राहायला नको. रडणाऱ्या लेकराचा हात ताठ होतो, म्हणून मी आधी त्याला आईच्या मांडीवर निवांत बसू देते. सहा महिन्यांवरच्या लेकराचं माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्ट्यात आलं, तर लगेच नर्सबाईला दाखवा; भूक मेलेली असेल किंवा सोबत आजार असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस ठेवावं लागतं. आईला बुडालेल्या मजुरीपोटी थोडी रक्कम मिळते, ते घरात सासूसमोर सांगा, कारण निर्णय तिचा असतो. सप्टेंबरात माप घेतलं तर हे 14 दिवस टोळी निघायच्या आत बसतात. ऑक्टोबरात घेतलं तर लेकरू तसंच ट्रॉलीत चढतं.

आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. आमच्याकडं एक पोरगा साडेतीन वर्षांचा होईतो बोलत नव्हता. घरचे म्हणायचे, उशिरा बोलेल. पथक आलं तेव्हा तो दोन्ही वेळा फडावर होता. पावसाळ्यात मी त्याच्या पाठीमागं ताट वाजवलं, तो वळलाच नाही. त्याला ऐकू येत नव्हतं. ती दोन वर्षं कुणी भरून देणार नाही. तेव्हापासून मी पथकाची तारीख आधीच विचारून घेते आणि एक फेरी दसऱ्याच्या आत मागून घेते. नाहीच जमलं तर संशय असलेलं लेकरू नर्सबाईच्या चिठ्ठीनं जिल्हा रुग्णालयात पाठवते.

माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, पत्र्याच्या पेटीत नको. पेटी महिना-महिना उघडत नाही. कार्डाच्या मागं माझा, नर्सबाईचा आणि मुकादमाचा नंबर लिहिते. पुढच्या लसीची तारीख सांगताना सण सांगा. “14 जानेवारी” विसरतात, “संक्रांतीच्या आठवड्यात” विसरत नाहीत. लस कुठल्याही गावच्या उपकेंद्रात फुकट मिळते, हेही खूप आयांना माहीत नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोषण ट्रॅकर या आपल्या अंगणवाडीच्या मोबाइल अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, ती जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या पर्यवेक्षिकाबाईंकडून तिकडच्या अंगणवाड्या बघणाऱ्या प्रकल्प कार्यालयाचा आणि त्यातून त्या गावच्या सेविकेचा नंबर मिळवा. फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि आईला तिच्याशी बोलू द्या. “ताई, मी दिवाळीला येते, माझं लेकरू सव्वा वर्षाचं आहे,” एवढं बोलली तरी अनोळखी गावातल्या अंगणवाडीच्या दारात जायची तिची भीड मोडते. नुसत्या नोंदीनं ती मोडलेली मी पाहिली नाही.

लेकरू आजीजवळ मागं राहणार असेल तर हंगामी वसतिगृहावर भरवसा ठेवू नका. ती शाळेतल्या मुलांसाठी असतात, सहाच्या खालच्यांसाठी नाहीत. अशा आज्यांची वेगळी यादी करा आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन वजन घ्या. म्हातारीला लेकरू कडेवर घेऊन अंगणवाडीपर्यंत चालवत नाही.

पाडव्याला ट्रॉल्या परतल्या की पहिल्याच आठवड्यात घरोघर जाऊन कार्ड बघा, वजन आणि दंड मोजा, चुकलेल्या लसी नर्सबाईला कळवा. मग तिकडच्या सेविकेला फोन करून लेकराचं वजन सांगा. पुढच्या हंगामात ती आपला फोन पहिल्या रिंगला उचलते.