क्रिप्टो लायब्ररी अपग्रेड करताय? आधी जुन्या फाइल्स बाजूला काढा

ओपन सोर्स एन्क्रिप्शन टूल सांभाळत असाल आणि त्याच्या खालची ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) बदलणार असाल तर त्याआधीची ही तयारी. वेगळी ब्रँच, सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट), चेंजलॉग वाचणं, हे सगळे करतातच.

जुन्या व्हर्जनने एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स बाजूला काढून रेपोमध्ये टाका. आधी, अपग्रेड झाल्यावर नाही, कारण नंतर जुनं बिल्ड परत उभं करायचं म्हणजे नव्या मशीनवर ते धड कंपाइलसुद्धा होत नाही. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण नव्या कोडने फाइल बंद करायची आणि नव्याच कोडने उघडायची, मग ती उघडणारच ना! लोकांच्या फाइल्स मात्र उघडेनात.

हे का होतं ते बघा. ओपनएसएसएलच्या एन्क कमांडने पासवर्ड देऊन बनवलेल्या फाइलच्या सुरुवातीला 'सॉल्टेड' अशी आठ बाइटची खूण असते, मग आठ बाइटचा सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचे रँडम बाइट), आणि लगेच डेटा. पासवर्डपासून की (फाइल उघडणारी किल्ली) बनवताना कुठला हॅश (पासवर्ड घुसळून ठरावीक लांबीचे बाइट देणारी पद्धत) वापरला हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. १.१.० मध्ये, म्हणजे २०१६ साली, हा डिफॉल्ट हॅश एमडी५ चा एसएचए-२५६ झाला. फाइल तीच, पासवर्ड तोच, की वेगळी, आणि स्क्रीनवर येतं 'बॅड डिक्रिप्ट'. समोरच्याला वाटतं आपणच पासवर्ड विसरलो, कॅपिटल-स्मॉल बदलून बदलून तो थकतो, आणि कुणी वैतागून फाइल उडवली की संपलंच. खरं तर कमांडमध्ये हॅश म्हणून एमडी५ दिलं की तीच फाइल मुकाट्याने उघडते. मग २०२१ च्या ३.० मध्ये ब्लोफिश, कास्ट५, आरसी४ वगैरे जुने सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) लेगसी प्रोव्हायडर नावाच्या वेगळ्या भागात गेले, तो मुद्दाम लोड केल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे तिथेही जुन्या फाइल्सच अडकतात.

म्हणून प्रत्येक जुन्या व्हर्जनची आणि प्रत्येक सायफरची एकेक फाइल ठेवा. रिकामी फाइल ठेवा, बरोबर सोळा बाइटची ठेवा. देवनागरी पासवर्डची पण ठेवा, त्यात 'ऱ' असू दे, कारण तो एका कीबोर्डवर एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक) असतो आणि दुसऱ्यावर र अधिक नुक्ता असे दोन, दिसायला अगदी सारखे पण बाइट वेगळे, म्हणजे की वेगळी. आणि टेस्टमध्ये नुसता एक्झिट कोड बघू नका, उघडलेला मजकूर मूळ मजकुराशी जुळवा, कारण सीबीसीमध्ये (डेटाचे ठोकळे साखळीने एन्क्रिप्ट करायच्या पद्धतीत) की चुकीची असूनही क्वचित पॅडिंग (शेवटचा ठोकळा भरायला घातलेले बाइट) जुळून जातं, एरर येत नाही आणि कचरा बाहेर पडतो. जुन्या फाइल्स, जुन्या फाइल्स, जुन्या फाइल्स. बाकीचं नंतर दुरुस्त करता येतं, पण कुणी आपला डेटा गेला समजून सोडून दिला की तो माणूस सांगायला परत येत नाही.

बग रिपोर्टचा फॉर्म आधीच बनवा, पहिला प्रश्न: फाइल कुठल्या व्हर्जनने बनवली होती. पासवर्ड किंवा पूर्ण फाइल कधीही मागू नका, पहिले सोळा बाइट पुरतात. कुणी आपणहून पासवर्ड पाठवलाच तर तो डिलीट करा आणि त्याला बदलायला लावा.

व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) वॉर्निंग देतंय म्हणून रँडमच्या कोडमधली ओळ काढू नका. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये २००६ साली हेच झालं, रँडमनेस प्रोसेस आयडीवर (चालू प्रोग्रामच्या नंबरावर) येऊन टेकला, एका प्रकारच्या आणि साइजच्या कीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या आणि ते उघडकीला आलं २००८ मध्ये. न कळलेली ओळ असेल तर अपस्ट्रीमला (मूळ कोड लिहिणाऱ्यांना) विचारा, थांबा.

सिक्युरिटी रिपोर्टसाठी खासगी पत्ता हवा. रिलीजवर सही करायच्या सायनिंग कीची एक्स्पायरी बघा. टारबॉल (रिलीजची पॅक केलेली फाइल) आणि गिटमधला कोड ताडून बघा, एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलमधला २०२४ चा बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) पूर्ण रूपात फक्त टारबॉलमध्येच होता. त्याच टारबॉलमधून बिल्ड करून जुन्या फाइल्स परत उघडा, हो, परत. रिलीज नोटमध्ये जुनी फाइल उघडायची अख्खी कमांड लिहा, नुसती लिंक देऊन मोकळे होऊ नका.