स्पारिंगचा दम: ग्वाल्हेरातले माझे पहिले चार महिने

बॉक्सिंग शिकताना पहिल्यांदा स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उतरले तेव्हा मी रोज पाच किलोमीटर पळत होते आणि दोरीवर सलग दहा मिनिटं उड्या मारत होते. तरी पहिल्या राउंडच्या दीड मिनिटातच माझे हात छातीपर्यंत खाली आले. समोरची मुलगी पळण्यात नेहमी माझ्या मागे असायची. ती मात्र तिसऱ्या राउंडलाही तोंड मिटून, शांतपणे नाकाने श्वास घेत होती.

दम कमी पडतोय असं वाटून मी पळणं आणखी वाढवलं. काहीच फरक पडला नाही.

कारण सापडलं ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी. आत्या ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकलेली आहे. मी अंगणात शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करत होते आणि ती तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "अगं, ठोसा मारताना तू श्वास कोंडून धरतेस. आमच्याकडे असा दम कोंडला की तान अर्ध्यात तुटते." कोच तर महिनाभर ओरडतच होते, "सांस छोड़, बेटा!" मी ते नुसतं उत्तेजन समजत होते.

ठोशागणिक नाकातून किंवा दातांमधून 'श्स' असा छोटा श्वास बाहेर पडला पाहिजे. श्वास कोंडला की छाती भरलेलीच राहते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि शरीर घाबरतं. त्यात मार लागण्याच्या भीतीने खांदे, जबडा, मुठी सगळं आवळलेलं असतं. आवळलेला स्नायू काही न करताही ताकद खात राहतो. म्हणून नवख्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं: एक आठवडा शॅडो करताना फक्त श्वासाचा आवाज ऐका. आवाज थांबला की तिथेच थांबा आणि पुन्हा सुरू करा. मूठ ठोसा लागण्याच्या क्षणापुरतीच घट्ट करा.

आता पळण्याबद्दल. ते निरुपयोगी नाही, मी चुकीचं पळत होते. रोज धाप लागेपर्यंत पळायचे. राउंडमधला जोरदार मारा काही सेकंदांचाच असतो, त्याची ताकद स्नायूंत आधीच साठवलेली असते. ती पुन्हा भरून येते प्राणवायूवर, म्हणजे दोन माऱ्यांच्या मधल्या वेळात आणि राउंडनंतरच्या त्या एका मिनिटात. ही भरपाई लवकर व्हायला हवी असेल तर सावकाश पळावं लागतं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश. आठवड्यातून तीन दिवस, तीस ते चाळीस मिनिटं.

जोराचं काम एक-दोन दिवसच. मी त्यासाठी किल्ला धरला. गुजरी महालाकडून, ग्वाल्हेर दरवाजाने वर जाणारा चढ खडा आहे. थोडं अंतर जोरात चढायचं, चालत खाली यायचं, असं सहा वेळा. शेवटी चतुर्भुज मंदिरापाशी उभं राहून नाडी मोजायची. पंधरा सेकंदांची नाडी गुणिले चार, आणि एका मिनिटाने पुन्हा. पहिल्या दिवशी मिनिटाभरात अठराच ठोके उतरले होते, तिसऱ्या महिन्यात चाळीस. दम वाढतोय हे मला या आकड्याने कळलं, वजनकाट्याने नाही.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: ग्लव्हज. मी ठोसे मारायच्या लटकत्या बॅगवर दहा औंसाचे घालायचे आणि स्पारिंगला सोळाचे, म्हणजे हातागणिक साधारण साडेचारशे ग्रॅम. खांदे गळणारच! आता आठवड्यातून एकदा बॅगचे राउंडही सोळाच्या ग्लव्हजनीच करते: वीस सेकंद जोर, चाळीस सेकंद हलके जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) आणि पायांची हालचाल. राउंड तीन मिनिटांचे, कारण स्पर्धेत ते तेवढेच असतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने कांस्य जिंकलं, तेव्हा बायकांचे दोन-दोन मिनिटांचे चार राउंड होते. आता पुरुषांसारखेच तीन-तीन मिनिटांचे तीन.

तरीही स्पारिंगचा दम शेवटी स्पारिंगनेच येतो, पण हलक्या स्पारिंगने. आम्ही दोघी आधी ठरवून घेतो: पहिला राउंड फक्त जॅब, दुसऱ्यात एकीने मारायचं आणि दुसरीने चुकवायचं. भीती गेली की छातीतली धडधड आपोआप उतरते.

एका ठिकाणी मला पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोराच्या स्पारिंगला उभं केलं, 'मार खाल्ला की दम येतो' म्हणून. दोन दिवस डोकं दुखत होतं आणि मी घरी सांगितलं नाही. हे अगदी चूक होतं, त्यांचंही आणि माझंही. डोक्याला लागून गरगरलं, मळमळलं, डोकं दुखलं, तर त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये जायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय परतायचं नाही.

उन्हाळ्याचंही तसंच. ग्वाल्हेरचा मे पंचेचाळीसच्या वर जातो. वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणारी मुलं मी पाहिली आहेत. शरीरातलं पाणी आटलेलं असताना डोक्यावर बसणारा ठोसा जास्त धोक्याचा असतो. मी उजाडायच्या आत पळून येते, आल्यावर ओआरएस घेते आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, चालू असेल त्या आठवड्यात किल्ल्याचा चढ सोडून देते.