दाढ काढून घरी आल्यावर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

दाढ काढायची भीती सगळ्यांनाच असते, पण खरा त्रास बऱ्याच वेळा नंतर घरी जे उपाय केले जातात त्यानं होतो. आपल्या सांगली-साताऱ्याकडं कुणी दाढ काढून आलं की घरचे-शेजारचे काळजीपोटी काय काय सांगतात, हळद दाबून धर, लवंग ठेव, मिठाच्या गरम गुळण्या आत्ताच सुरू कर, आणि दुखत असल्यामुळं माणूस सगळंच करून बघतो. म्हणून क्रमानं लिहितेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकीचं सगळं त्यावरच आहे. दाढ निघाली की तिथं खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात रक्त साकळून गुठळी होते, काळपट तांबडी, थुलथुलीत. खालचं हाड आणि नसा त्या गुठळीनंच झाकलेल्या असतात आणि तिच्यावरूनच नवीन हिरडी भरून येते. ती गुठळी जाग्यावर ठेवायची, एवढंच आपलं काम.

दवाखान्यातून निघायच्या आधी

जत, आटपाडी, खटाव, माणकडनं लांबनं येणाऱ्यांनी लगेच एसटी धरू नका. अर्धा तास तिथंच बाकड्यावर बसा, रक्त थांबतंय ना बघा, गोळ्या तिथल्याच मेडिकलमधून घ्या, दोन-चार जादा गॉज (जखमेवर दाबून धरायच्या जाळीच्या कापडाच्या घड्या) मागून घ्या आणि डॉक्टरांचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. बीपी, शुगर, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ते दाढ काढायच्या आधीच सांगायचं असतं, आणि हार्टची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

पहिला दिवस

तोंडात दिलेला गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. सारखा काढून बघायचा नाही, बोलायचं नाही. एसटीत खिडकीतनं थुंकायची आपल्याला सवय, ती त्या दिवशी पूर्ण बंद, लाळ गिळा. थुंकताना तोंडात जी ओढ बसते तिनं गुठळी उपटून येते. स्ट्रॉनं ऊसाचा रस, नारळपाणी, ताक प्यायचं नाही ते पण याच कारणानं, ग्लासनं प्या. लाळेत गुलाबी-तांबूस रंग दिवसभर दिसतो, थोडं रक्त लाळेत मिसळलं की लय वाटतं, त्यानं घाबरू नका. पण तोंड भरून लाल रक्त यायला लागलं तर नवीन गॉज, नाहीतर स्वच्छ सुती कापड ओलं करून घडी घालून बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास न उघडता चावून धरा. तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना फोन.

बाहेरून गालावर बर्फ, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा मग तेवढीच विश्रांती. गरम शेक पहिल्या दिवशी नाही, त्यानं रक्त वाढतं. भूल उतरायच्या आधी गोळी घ्या म्हणजे एकदम ठणका लागत नाही. रात्री उशाला दोन उशा घ्या. शेतातली वाकायची, ओझं उचलायची कामं दोन दिवस दुसऱ्या कुणाला सांगा.

जेवण भूल पूर्ण उतरल्यावरच, नाहीतर गाल-ओठ चावला जातो आणि कळत पण नाही. गार आंबील, दहीभात, कोमट झालेली मुगाची खिचडी, केळं, ताक. गरम चहा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू दे. भडंग मात्र आठवडाभर लांब ठेवा, आपल्याकडं हात त्याच्याकडंच जातो, पण त्यातला शेंगदाण्याचा तुकडा खड्ड्यात जाऊन बसला की निघता निघत नाही. मिसळीचा कट, तांबडा रस्सा पण नको.

दुसऱ्या दिवसापासून

आता गुळण्या चालू, पण २४ तास झाल्यावरच. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात घ्यायचं, मान हळूच इकडं तिकडं करायची आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये सांडू द्यायचं, खळखळ करून जोरात टाकायचं नाही. प्रत्येक जेवणानंतर. ब्रश बाकीच्या दातांना नेहमीसारखा, जखमेजवळ हलक्या हातानं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, अक्कलदाढ असेल तर गाल चांगलाच फुगतो, मग उतरते. खड्ड्यावर पांढरट थर आला की लोक पू समजून काडीनं खरवडतात, तसं करू नका, भरून येताना असंच दिसतं. हळद, लवंग, तंबाखू, अ‍ॅस्पिरिनची गोळी, काही म्हणजे काही खड्ड्यात घालायचं नाही.

मिश्रीचं सगळ्यात महत्त्वाचं

आमच्या शेजारच्या काकींनी दाढ काढली, डॉक्टरांनी विचारलं तंबाखू खाता का, काकी नाही म्हणाल्या आणि सकाळी उठून नेहमीसारखी मिश्री लावली. तिसऱ्या रात्री कानापर्यंत ठणका, झोप नाही, तोंडाला घाण वास. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोरी, तंबाखू कुठं खाल्ली मी, नुसती मिश्री लावली." काकी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांच्या हिशोबात ती तंबाखू नाहीच. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, वर बोटानं चोळणं आणि नंतर पिचकारी, म्हणजे गुठळीला दोन्हीकडनं धोका. गुठळी गेली की हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि ते बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखायला लागतं, आधी कमी होत आलेलं दुखणं परत वाढतं ही त्याची खूण. अशा वेळी गोळ्या वाढवत बसू नका, डॉक्टर धुवून औषधाचं पॅकिंग करतात आणि बराच आराम पडतो. घरातल्या आई, आजी, आत्याला दवाखान्यात नेताय तर मिश्रीचं तुम्ही स्वतः सांगा, त्या सांगणार नाहीत. बिडी-सिगरेट, मावा, गुटखा किमान आठवडाभर बंद. कायमचं सुटलं तर फारच चांगलं.

बाकीच्या ट्रीटमेंट

रूट कॅनलनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखतं, त्या बाजूनं चावू नका, आणि दुखणं थांबलं म्हणून कॅप बसवायची टाळू नका, दाढ ठिसूळ झालेली असते, कधी चिरेल सांगता येत नाही. दात साफ केल्यावर थोडे दिवस गार लागलं की सणकतं आणि फटी दिसतात, त्यानं दात हलत नाहीत, तिथं बसलेलं कीटण निघालेलं असतं एवढंच. लहान पोराला भूल दिली असेल तर ती उतरेपर्यंत जवळ बसा, पोरं गंमत म्हणून ओठ चावतात आणि रक्तबंबाळ करून घेतात.

ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच चालली, तोंड उघडेना, दुसऱ्या दिवशी पण ओठ बधिरच आहे, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि सूज जबड्याखाली गळ्याकडं उतरली, गिळता येईना, श्वासाला त्रास व्हायला लागला, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, दातांच्या दवाखान्यात पण नको, १०८ ला फोन करून सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.